गॅरी स्नायडरच्या डोंगरात माणसं आहेत

नमस्कार. अमेरिकी कवी गॅरी स्नायडरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही इतकं मनापासून भांडलात, तर दोन ओळींत उत्तर देऊन चालणार नाही. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: स्नायडर म्हणजे डोंगरात हवा खायला गेलेला सुखवस्तू गोरा कवी, त्याच्या निसर्गात राबणारा माणूस औषधालाही सापडत नाही, आणि बाकी जे आहे ते अमेरिकेतल्या मूलनिवासींकडून आणि जपानकडून उचललेलं. पहिल्या दोन गोष्टी मला साफ नामंजूर आहेत. तिसरीत तथ्य आहे, पण सरसकट नाही.

सुखवस्तू म्हणाल, तर या माणसाचं बालपण मंदीच्या काळात सिॲटलच्या उत्तरेला, जंगलतोडीनंतर बुंधे उरलेल्या जमिनीवर, घरच्या गाईगुरांत गेलं. 1952 आणि 1953 चे उन्हाळे त्याने नॉर्थ कॅस्केड्सच्या शिखरांवर वणव्यांची टेहळणी करत काढले. पुढच्या वर्षी राजकीय संशयावरून ही सरकारी नोकरी मिळेनाशी झाली, तेव्हा तो पाडलेल्या ओंडक्यांना पोलादी दोर अडकवायच्या कामाला लागला. 1955 मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात पायवाटा बांधल्या, नंतर तेलवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये नोकरी केली. याला सहल कसं म्हणायचं?

आता माणसांबद्दल. ‘हे फॉर द हॉर्सेस’ ही छोटी कविता घ्या. एक माणूस अर्धी रात्र ट्रक हाकत, सॅन वाकीन खोऱ्यातून घाटाचे अवघड रस्ते चढून सकाळी आठला गवत घेऊन पोचतो. मग दोर आणि आकडे लावून गठ्ठे थेट वाशांपर्यंत रचायचे. छपराच्या फटींतून येणाऱ्या उन्हात लसूणघासाचा भुगा गरगरतो, घामेजल्या सदऱ्यात आणि बुटांत कुसळं खाजतात. दुपारी ओकच्या सावलीत जेवण. म्हातारी घोडी डब्यांना नाक लावून बघते, गवतात नाकतोडे तडतडतात. आणि मग तो माणूस सांगतो, मी आता अडुसष्ट वर्षांचा. सतराव्या वर्षी पहिल्यांदा गठ्ठे उचलले त्याच दिवशी मनात आलं होतं, जन्मभर हे करायची वेळ येऊ नये. आणि नेमकं तेच करत आलो.

कविता तिथेच थांबते. कवी हळहळत नाही, त्या म्हाताऱ्याला कष्टकऱ्यांचा प्रतिनिधी करत नाही, स्वतःचं मतही घुसडत नाही. तरी त्या उन्हात, त्या खाजेत आणि त्या एका कबुलीत अख्खं आयुष्य मावलंय. तुम्ही शोधत होता तो राबणारा माणूस हाच, आणि त्याच्या शेजारी कवीही घामाघूम होऊन बसलेला आहे. ही कविता ‘रिपरॅप’ या 1959 च्या पहिल्याच संग्रहात आहे. योसेमिटीत निसरड्या खडकावरून खेचरं चालावीत म्हणून हाताने दगड बसवायचे असत, त्या फरसबंदीलाच रिपरॅप म्हणतात. आपल्या कवितेची लय आपण त्या-त्या वेळी करत असलेल्या अंगमेहनतीतून येते, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. ओळी मोठ्याने वाचा, एकेक शब्द तोलून खाली ठेवल्यासारखा वाटतो. मला त्याच्या सगळ्या लेखनात हा संग्रह सर्वात जवळचा आहे.

उचलेगिरीचं मात्र नीट बघायला हवं. जपानबद्दल तुम्ही म्हणता ते मला अन्यायाचं वाटतं. बर्कलीच्या विद्यापीठात चिनी शिकून त्याने हान शान या जुन्या चिनी कवीच्या कविता भाषांतरित केल्या. 1956 मध्ये तो क्योटोला गेला आणि पुढची बारा वर्षं, अधूनमधून बाहेर पडत, मुख्यतः जपानमध्येच राहून झेन गुरूंच्या हाताखाली साधना करत राहिला. हे विद्यार्थीपण आहे.

मूलनिवासींचा प्रश्न वेगळा. लगूना पुएब्लो या मूलनिवासी समाजातल्या लेखिका लेस्ली मार्मन सिल्को यांनी स्नायडरच्या ‘टर्टल आयलंड’ या संग्रहावर जाहीर टीका केली होती. त्या संग्रहाला 1975 चं पुलित्झर मिळालं, म्हणून टीका खोटी ठरत नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याच कथांचा आवाज गोऱ्या कवीने काढावा, हे खटकणारच. जिथे स्नायडर मूलनिवासी मांत्रिकाच्या आवाजात बोलू लागतो तिथल्या कविता मला कच्च्या वाटतात, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण त्याने 1951 मध्ये कॉलेजातला प्रबंध हाइडा या मूलनिवासी लोकांच्या एका पुराणकथेवर लिहिला होता, म्हणजे ही ओढ फॅशन आली म्हणून जडलेली नव्हती.

आणि एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही. 1970 मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी, सॅन वान रिजवर, मित्रांच्या मदतीने स्वतःचं घर बांधलं आणि तिथेच मुक्काम ठोकला. ही काही अस्पर्श रानाची जागा नव्हे. एकोणिसाव्या शतकात सोन्यासाठी पाण्याचे प्रचंड फवारे मारून इथल्या टेकड्याच्या टेकड्या वाहून घालवल्या होत्या. खालच्या शेतांत इतका गाळ साचला की 1884 मध्ये कोर्टाला ते थांबवावं लागलं. अशा ओरबाडलेल्या मुलखात तो राहिला, मुलं वाढवली, आणि 1990 च्या सुमारास शेजाऱ्यांबरोबर युबा नदीच्या खोऱ्यासाठी संस्था उभी केली. जंगल कसं राखायचं, वणव्याचं काय करायचं, यावर गावच्या बैठकांना बसणारा हा कवी आहे. ‘डोंगरात हवा खायला गेलेला’ हे वर्णन त्याला कुठून लागू होतं, ते मला खरंच कळत नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच: ‘टर्टल आयलंड’ तूर्त बाजूला ठेवा, ‘रिपरॅप’ सलग वाचा, आणि मग पुन्हा लिहा. सिल्कोंच्या मुद्द्यावर आपण तेव्हा आणखी बोलू, तिथे तुमच्या बाजूने बोलण्यासारखं माझ्याकडेही बरंच आहे.