चावी ऑन केली, पंप वाजला नाही, म्हणून पंप बदलायचा?

‘जुनी स्पोर्ट्स कार स्टार्ट होत नाही? मेकॅनिकला पैसे देऊ नका’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. खाली सहा उपाय आणि ‘९० टक्के गाड्या यानेच सुरू होतात’ असा छातीठोक दावा. कोणत्या गाड्या, कोणी मोजल्या, काही नाही. एरवी हसून सोडून दिला असता. पण काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, आणि अमेरिकेत ज्याच्या दारात १९८७ ची पोर्श ९४४ बंद पडून आहे त्या भाच्याने पहिला उपाय वाचून नवा फ्युएल पंप मागवलासुद्धा. गाडी सेल घेते, म्हणजे स्टार्टर इंजिन फिरवतो, पण गाडी स्टार्ट होत नाही. म्हणून हे उत्तर, ९४४ पुरतं. त्यातही २.५ लिटर, आठ व्हॉल्व्हच्या साध्या मॉडेलपुरतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: चावी ऑन केल्यावर मागून पंपाचा आवाज आला नाही तर पंप गेला. नाहीतर बॅटरी. प्लगची वायर उपसून ठिणगी बघा. इनटेकमध्ये झाकणभर पेट्रोल ओता. स्टार्टरला हातोडीने ठोका. आणि शेवटी, सेकंड गिअर टाकून धक्का मारा.

पहिला मुद्दा इतका चुकीचा आहे की वाचताना कपाळावर हात गेला. आजच्या गाड्यांत चावी ऑन केली की पंप दोनेक सेकंद वाजून गप्प होतो, हे खरं. ९४४ मध्ये तो वाजतच नाही! गाडी ठणठणीत असली तरी नाही. या गाडीचा मेंदू म्हणजे बॉशची मोट्रॉनिक पेटी, जिला पोर्शवाले डीएमई म्हणतात. इंजिन फिरतंय असा सिग्नल मिळेपर्यंत ती पंपाला करंट जाऊच देत नाही. म्हणजे सेल मारताना पंप चालतो, नुसत्या चावीवर नाही. मेसेजची ही परीक्षा लावली तर जगातल्या सगळ्या ९४४ चे पंप गेलेले निघतील.

पंप खरंच बघायचा असेल तर डीएमई रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारी छोटी डबी, काढा. दिसायला एक, पण आत दोन रिले: एक डीएमईला करंट देतो, दुसरा पंपाला. रिलेच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७बी हे दोन पॉइंट जाड, फ्यूज लावलेल्या वायरने जोडा. मागे टाकीपाशी पंप घुरघुरला तर तो जिवंत आहे. नाही घुरघुरला तर पंपाच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून १२ व्होल्ट पोचतायत का बघा, आणि तिथे व्होल्टेज असूनही पंप मुका असेल तरच नवा मागवा. एक लक्षात ठेवा, ३० नंबरला करंट थेट बॅटरीचा असतो. चावी काढली तरी पंप चालू राहतो, तेव्हा तपासणी झाली की वायर काढायची, विसरायची नाही.

रिलेचं नाव निघालंच आहे तर एक अर्धसत्य नाइलाजाने मान्य करतो. मेसेजखाली कोणीतरी ‘९४४ असेल तर डोळे मिटून रिले बदला’ असं लिहिलंय. या गाडीत रिले खरंच कुप्रसिद्ध आहे. उष्णतेने आणि हादऱ्यांनी आतल्या सोल्डरला केसाएवढी चीर जाते आणि गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक जास्तीचा रिले ठेवणं शहाणपणाचंच. पण डोळे कशाला मिटायचे? ३०, ८७ आणि ८७बी हे तिन्ही जोडून सेल मारा. गाडी धरली तर रिले गेला. नाही धरली तर रिलेचे पैसे वाचले.

आता या मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखही नाही ती गोष्ट. सेल मारताना डोळे आरपीएमच्या सुईवर ठेवा. सुई शून्यावरून जराशी थरथरली, उचलली गेली, तर डीएमई ठिणगीच्या कॉइलला सिग्नल देतोय. मग पेट्रोल, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) त्याची कॅप आणि आतला फिरता रोटर, प्लग असं पुढे जा. सुई मेल्यासारखी पडून राहिली तर संशय रिलेवर किंवा फ्लायव्हीलजवळच्या, म्हणजे इंजिनमागच्या जड चाकाजवळच्या, दोन सेन्सरवर. एक वेग मोजतो, दुसरा इंजिन नेमकं कुठे आहे हे सांगतो. दोघांपैकी एकाने मान टाकली की ठिणगी बंद, पेट्रोलही बंद. बाहेरून पंप गेल्यासारखंच दिसतं, आणि म्हणूनच पंप बदलले जातात.

हे सेन्सर तपासायला मल्टिमीटर पुरतो. सेन्सरच्या कनेक्टरच्या पिन १ आणि २ मध्ये साधारण ६०० ते १६०० ओहम यायला हवेत. १ किंवा २ पासून ३ पर्यंत, म्हणजे वायरवरच्या जाळीपर्यंत, एक लाख ओहमच्या वर. तितकंच महत्त्वाचं अंतर: पोर्शच्या स्वतःच्या वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे सेन्सरचं टोक आणि फ्लायव्हीलवरचा स्क्रू यांत ०.८ मिमी. वर बेल हाउसिंगवरच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या आवरणावरच्या, पट्टीने ते जुळवतात. फट मोजायचं फीलर गेज तिथे शिरत नाही, म्हणून लोक ०.८ मिमीचा वॉशर सेन्सरच्या टोकाला चिकटवतात, पट्टी कसतात आणि मग वॉशर काढून घेतात. कनेक्टरचं प्लास्टिक इतक्या वर्षांत बिस्किटासारखं झालेलं असतं, बोटाने दाबलं की तुकडे पडतात. दोन्ही कनेक्टर सारखेच आहेत, म्हणजे अदलाबदल सहज होते. आणि अदलाबदल झाली की गाडी दिवसभर सेल घेत बसते, सुरू होत नाही.

बॅटरीचं मान्य. सेल मारताना टर्मिनलवर १० व्होल्टच्या खाली जात असेल तर डीएमई वेडंवाकडं वागतो, स्टार्टर फिरत असला तरी. आधी चार्ज करा, इंजिनची अर्थिंगची पट्टी घासून घ्या. हा मुद्दा सहांपैकी एकमेव जो तसाच्या तसा घेता येतो.

प्लगची वायर हवेत धरून ठिणगी? नको. ठिणगीला वाट मिळाली नाही की कॉइलमधला विद्युतदाब स्वतःची वाट शोधतो, आणि ती कधी कॉइलच्या आतून जाते, कधी डीएमईच्या आउटपुट ट्रान्झिस्टरमधून. जुना प्लग वायरला लावा, त्याचा लोखंडी भाग जंपर केबलने इंजिनला जोडा, आणि मग बघा.

इनटेकमध्ये पेट्रोल ओतणं हा कार्ब्युरेटरच्या काळातला उपाय. ९४४ मध्ये वाटेत एअर फ्लो मीटर आहे, त्यात एक झडप. भडका उलटा आला तर ती झडप वाकते. पेट्रोल येत नाही की ठिणगी, हे ओळखायला स्टार्टिंग स्प्रेचा छोटासा फवारा चालतो. बाटली नाही. हातोडीचं म्हणाल तर गाडी नुसती टक्‌ करून थांबत असेल तेव्हाच, आणि तीही हलकेच. इथे स्टार्टर फिरतोय, त्याने कोणाचं काय बिघडवलंय?

राहिला धक्का. हा मुद्दा मूर्खपणाचा नाही, महागाचा आहे. या इंजिनचा टायमिंग बेल्ट तुटला किंवा त्याचे दात गेले तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. सेल मारताना इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सुर्रकन, एकसारखं फिरतंय, मधले ठेके ऐकू येत नाहीत, असं वाटलं की पुन्हा चावी फिरवायची नाही. डिस्ट्रिब्युटर कॅप काढा. रोटर कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, टोकालाच बसलेला असतो. खाली क्रँकच्या बोल्टला २४ चा सॉकेट लावून इंजिन हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवा. रोटर फिरला तर बेल्ट निदान तुटलेला नाही. जागचा हलला नाही, किंवा हाताला काहीतरी अडकल्यासारखं लागलं, तर तिथेच थांबा. अशा गाडीला सेकंड गिअरमध्ये धक्का मारला तर जे दोन व्हॉल्व्ह वाकले असते ते आठ वाकतील, आणि मग हेड उतरवणं आलं. (ऑटोमॅटिक ९४४ ला धक्का मारून काहीच होत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला अशी गाडीही असते हे माहीत नसावं.)

भाच्यासाठी एवढंच: तुझ्या गाडीचा क्लच गेल्या महिन्यात बदललाय. त्यासाठी ते दोन्ही सेन्सर काढावेच लागतात. पंपाचं खोकं फोडू नकोस, परत जातंय का बघ. आणि आज संध्याकाळी बॉनेट उघडून इंजिनच्या मागच्या बाजूला, फायरवॉलजवळचे ते दोन कनेक्टर आपापसात बदलून एकदा सेल मार. सुईकडे बघत.