साहेब नागपूरला, फाइल मुंबईत

डिसेंबर आणि विधिमंडळाचं नागपूरचं हिवाळी अधिवेशन जवळ आलं की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेलं भांडण सुरू होतं. पुण्याचा मावसभाऊ लिहितो, "चालले सगळे हुरडा खायला, खर्च आपला." नागपूरचे काका उखडतात, "करारात लिहिलंय बे, उपकार नाही करून राहिले कोणी." मी ऑल्बनीत बसून दोन्ही वाचतो. हल्ली मला दोघांचंही पटत नाही.

ऑल्बनी ही न्यूयॉर्क राज्याची राजधानी, १७९७ पासून. लाखभर वस्तीचं गाव, न्यूयॉर्क शहरापासून रेल्वेने अडीच तासांवर. मी इथे राज्य सरकारच्या एका खात्यात कंत्राटावर संगणकाचं काम करतो. आमदार जानेवारीत येतात, साधारण जूनपर्यंत ये-जा करतात आणि गुरुवारी दुपारीच गाडी गाठतात. म्हणजे आमदार इथेही पाहुणेच. पण खाती हलत नाहीत. फाइलवर शेरा मारणारी बाई माझ्याच मजल्यावर बसते, तिची मुलं इथल्याच शाळेत जातात, आणि काम असलं की न्यूयॉर्कचे बडे लोक तिच्या दारात येतात.

नागपूरचंही असंच होतं. १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झालं, पुढे वऱ्हाड जोडलं गेलं, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशचा कारभारही तिथूनच चालला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली. आमचे आजोबा सिव्हिल लाइन्सच्या सचिवालयात कारकून. शेजारचे भोपाळला गेले, आजोबा मुंबईला, एका खोलीत चौघांबरोबर. आजी राजधानी गेली असं कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, "कपाटं गेली." दप्तराची लोखंडी कपाटं ट्रकवर चढवताना तिने पाहिली होती.

विदर्भाला संयुक्त महाराष्ट्रात घेण्यासाठी झालेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात दोन गोष्टी आहेत: वर्षातला काही काळ सरकारने नागपूरला मुक्काम हलवायचा आणि निदान एक अधिवेशन तिथे घ्यायचं. आपण दुसरीलाच पहिली समजून बसलो. डिसेंबरात फुटपाथला रंग लागतो, बल्ल्या ठोकल्या जातात, मंत्र्यांच्या मुक्कामाच्या रविभवनात दिवे लागतात. मग फाइलींचे गठ्ठे मुंबईला परत.

मावसभावाची पिकनिकची थट्टा मात्र मला सहन होत नाही. गडचिरोलीच्या माणसाला सरकारच्या दारात मोर्चा न्यायचा तर तेवढेच दिवस असतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला त्याच दाराशी चेंगराचेंगरीत गोवारी समाजाचे ११४ मोर्चेकरी गेले. पण काका अधिवेशन सहा आठवड्यांचं करा म्हणतात, त्यानेही काय होणार? आमदार जास्त दिवस राहतील, कपाटं कुठे येणार आहेत?

२०२१ मध्ये नागपुरात विधिमंडळ सचिवालयाचा कायमचा कक्ष उघडला. चांगलंच झालं, पण विधिमंडळ म्हणजे खाती नव्हेत. वनखात्याचं मुख्यालय नागपुरात आहे, त्याचे सचिव मुंबईत. तिथूनच सुरुवात करा ना! वनसचिव सहीच्या अधिकारासकट, बायकामुलांसकट बारा महिने नागपुरात राहू देत. आता सगळं ई-ऑफिस, असं मावसभाऊ म्हणेल. असेल. तरी अडलेल्या माणसाला शेवटी कुणाच्या तरी टेबलापुढे उभं राहावं लागतंच, आणि ते टेबल किती लांब आहे यावर बरंच ठरतं.

ऑल्बनीची भलामण मी करत नाही. इथलं सरकारी संकुल उभारायला साठच्या दशकात वस्तीच्या वस्ती पाडल्या, हजारो लोक हलवले, आणि संध्याकाळी पाचनंतर त्या संगमरवरी पटांगणात चिटपाखरू नसतं. सिव्हिल लाइन्सची झाडं तोडून तसलं काही बांधू नये.

काका एका छोट्या शाळेचे सचिव आहेत. वाढीव तुकडीच्या मान्यतेची त्यांची फाइल वरती अडकली होती. एका अधिवेशनात रात्री साडेबाराला मी त्यांना फोन केला, तिकडे सकाळचे अकरा. ते पास काढून, रांगेत उभं राहून साहेबांपर्यंत पोचले होते. साहेब सज्जन निघाले, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"मग?"

"मग काय बे. म्हणाले, फाइल मंत्रालयात आहे, अधिवेशन संपलं की मुंबईला येऊन भेटा."