पंप कुठंय?

मी हॉस्पिटलात बायोमेडिकलला आहे. आईला वाटतं मुलगा मशिनं दुरुस्त करतो, खरं म्हणजे मी मशिनं शोधतो. सकाळी आयसीयूतून फोन येतो, "सर, इन्फ्युजन पंप पाठवा ना अर्जंट", की माझे जिने सुरू. इन्फ्युजन पंप म्हणजे सलाइन-औषध ठरल्या वेगाने शिरेत सोडणारं मशिन. शेवटी मॅनेजमेंटने आरएफआयडी आणलं, म्हणजे रेडिओ लहरींनी वस्तू ओळखायची सिस्टीम. प्रत्येक पंपाला, व्हीलचेअरला, ईसीजी मशिनला एकेक टॅग, दारादारावर रीडर, आता सगळं स्क्रीनवर दिसणार म्हणून पेढेपण वाटले.

दिसलं ना! एक पंप ४ दिवस लिफ्टपाशी. आमच्या टॅगला बॅटरी नाही, रीडरच्या लहरींवरच तो जागा होतो आणि तेही काही मीटरच्या आत आला तर, म्हणून शेवटचा कुठल्या दारातून गेला एवढंच कळतं, पुढचं रामजाणे.

मग हातातला रीडर घेऊन निघालो. तो दिसतो पिस्तुलासारखा, फिमेल वॉर्डाबाहेर बसलेल्या आजोबांनी मुकाट्याने कपाळ पुढे केलं, कोविडची सवय. मी "नॉर्मल आहे" म्हणून सटकलो, काय करणार. पेशंटच्या बेडजवळ मात्र चालू करत नाही बाबा. २००८ साली नेदरलँड्समधली एक टेस्ट छापून आली होती, पेशंट न जोडता ४१ उपकरणांजवळ आरएफआयडी लावून बघितलं, १२३ चाचण्यांत ३४ वेळा गडबड. हे वाचल्यापासून सिरिंज पंपाशेजारून मी सासऱ्यांसमोरून जावं तसा जातो.

"नाही हो सर, आमच्याकडेच कमी आहेत," सिस्टर म्हणाल्या, आणि मावशी चादरींच्या लोखंडी कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. बंद लोखंडी कपाटातला टॅग ओ देत नाही हे मला २ तासांच्या ट्रेनिंगमध्ये कळलं होतं, मावशींना ट्रेनिंगशिवायच.

कपाट उघडलं. ड्रॉशीट पांघरून ३ पंप गाढ झोपलेले. प्रत्येकावर माझा टॅग, आणि टॅगवर चिकटपट्टी, निळ्या पेनने लिहिलेली: "फिमेल वॉर्ड. नेऊ नये."

"मागच्या महिन्यात आयसीयूला दिलेला कुठंय सर, तेवढं बघा ना तुमच्या स्क्रीनवर," सिस्टर म्हणाल्या. बघितलं. लिफ्टपाशी.

शेवटी १ मिळाला, पण आधी रजिस्टरमध्ये नाव, वेळ, सही, आणि तारण म्हणून माझा रीडर. मावशींनी तो चादरींखाली ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं.