सिडकोकर, थ्रॉटलचं तुमचं खरं. ब्रेक स्विचचं अर्धंच

सिडकोकर, नमस्कार.

प्रतिक्रिया तिखट आहे, पण दोनदा वाचली. मोटरहोमचा क्रूझ (पाय न लावता ठरलेला वेग राखणारी सोय) मध्येच सुटतो आणि आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) आरपीएम, म्हणजे इंजिनचे फेरे, वरखाली होतो, यावर मी 'थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) साफ करा, ब्रेक स्विच बदला' असं लिहिलं होतं. तुम्ही दोन्ही केलंत, पैसे गेले, गाडी होती तशीच. वर तुमचा टोला: "डिझेलला कसली थ्रॉटल बॉडी? पेट्रोल कारचं ज्ञान कॅम्परला चिकटवू नका. असली कामं सर्व्हिस सेंटरलाच द्यावीत."

थ्रॉटलचं कबूल. डिझेलचं आयडलिंग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सांभाळतो ते इंजेक्टरमधून डिझेल किती सोडायचं त्यावर. काही डिझेल इंजिनांना हवेच्या वाटेत झडप असते, पण ती ईजीआरच्या (जळका धूर थोडा पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) सोयीसाठी आणि इंजिन हिसका न देता बंद व्हावं म्हणून. ते वाक्य मी काढून टाकलंय.

स्विच मात्र तपासल्याशिवाय बदलायला सांगितला, ही माझी चूक. संशय चुकीचा नव्हता. ब्रेक पेडलच्या स्विचला बहुधा दोन संपर्क असतात. एक म्हणाला 'दाबला' आणि दुसरा म्हणाला 'नाही', की ईसीयू क्रूझ सोडून देतो. आता ही खोटी खबर स्विचच देतो असं नाही.

समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025ला खुला झाला. त्यानंतरच्या दिवाळीत आम्ही भरवीरला चढलो, 80वर क्रूझ लावला. इगतपुरीपर्यंत लोण्यासारखी चालली. पुढच्या लांबलचक बोगद्यात शिरलो आणि क्रूझ गेला. पुन्हा लावला, पुन्हा गेला. बाहेर पडलो तर ठणठणीत! आमणेला उतरल्यावर मागच्या गाडीतला मेहुणा म्हणतो, "दाजी, बोगदाभर ब्रेकवर पाय ठेवून होतात का? वरचा लाल दिवा मिणमिणत होता."

पाय ब्रेकवर नव्हताच. बोगद्यात मी एकच गोष्ट केली होती, दिवे लावले होते. गाडीवर मोटरहोम बांधणाऱ्या बॉडीवाल्याने मागच्या दिव्यांचं अर्थिंग (करंट परत जायची तार) रंगावरच स्क्रूने आवळलं होतं. पार्किंगच्या दिव्याचा करंट, परतीची वाट बंद म्हणून, त्याच बल्बच्या ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटा ब्रेकच्या तारेत शिरत होता, आणि ईसीयूला ब्रेक दाबल्याची खोटी खबर जात होती. दिवे लावून मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी दिव्याच्या अर्थला लावली. तिथे 0.2 व्होल्टच्या आत दिसायला हवं, मला सात दिसले. रंग खरवडला, तारेच्या टोकाला नवा लग (धातूची कडी) दाबला, अर्थची तार थेट चासीवर नेली. खर्च चहाइतका.

तुमचा क्रूझ दिवसा आणि रात्री सारखाच सुटतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेच आधी पाहा. (कसारा घाटात किंवा पावसात नव्हे. तिथे क्रूझ लावूच नये.)

आता आयडलिंग. आरपीएम ठरावीक ठेक्यात वरखाली होतो की कसाही? ठेका असेल तर इंजिन उघडू नका. गाडीतल्या राहण्याच्या भागाच्या बॅटरीला अल्टरनेटरवरून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर 30 अँपियरचा असेल तर तो चालू होताच अल्टरनेटरवर चारशे वॉटच्या आसपास भार पडतो. आयडलिंगला अल्टरनेटर पूर्ण जोर देऊ शकत नाही, व्होल्टेज पडतं, चार्जर सुटतो, व्होल्टेज चढतं, चार्जर पुन्हा धरतो. ईसीयू बिचारा त्याच्यामागे डिझेल कमीजास्त करत बसतो. चार्जरचा फ्यूज काढून पाच मिनिटं आयडलिंगवर ठेवा. आरपीएम स्थिरावला तर इंजिन निर्दोष.

ठेका नसेल आणि सकाळी थंड इंजिनलाच त्रास असेल, तर डिझेल लाइनमध्ये हवा शिरतेय का ते पाहा. फिल्टरजवळ पारदर्शक पाइपचा तुकडा लावला की बुडबुडे दिसतात. फिल्टरमधलं पाणीही काढा. त्यानंतरच ईजीआरची काजळी, आणि इंजेक्टर अगदी शेवटी.

सर्व्हिस सेंटरचं मला पटत नाही. माझी गाडी तिथे दोन दिवस राहिली, स्कॅनर लागला, आणि "मागचं सगळं बाहेरचं काम आहे, आम्ही हात लावत नाही" असं ऐकून परत आली. त्यांचंही बरोबरच आहे. कंपनीची गाडी त्यांना पाठ असते. तिच्यावर बॉडीवाल्याने ओढलेल्या तारा कुणालाच पाठ नसतात, कधी कधी बॉडीवाल्यालाही. नाशिकमधल्या द्वारकेच्या एका म्हाताऱ्या वायरमनने मात्र टेस्ट लॅम्प लावून अर्ध्या तासात तोच स्क्रू दाखवला.

जुना स्विच फेकला नसेल तर ठेवा, बहुतेक तो चांगलाच असेल. फ्यूज काढून काय दिसलं ते इथेच लिहा.