आवाज येतो कुठून?

नमस्कार. चित्रपटांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही सविस्तरच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मी ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या जुन्या बोलपटांचे गोडवे गातो आणि हल्लीच्या मराठी चित्रपटांना गोंगाट म्हणतो, कारण मला आजचा वेग झेपत नाही. जुने नट रंगमंचावर असल्यासारखे बोलायचे, ते मला दिसत नाही. आणि आम्ही इंदूरची मराठी मंडळी पणजोबांच्या काळातल्या महाराष्ट्रात राहतो, त्यामुळे ‘सैराट’ आम्हाला पुण्यातल्यासारखा कळणार नाही.

नटांचं बोलणं नाटकी होतं, यात वाद नाही. त्यातले बरेच जण रंगभूमीवरूनच आले होते. पण वेगाबद्दल मी काही लिहिलंच नव्हतं. माझी तक्रार पार्श्वसंगीताबद्दल आहे, आणि ती जुन्या-नव्याची विभागणी करून सुटत नाही.

‘कुंकू’ घ्या. 1937 सालचा, व्ही. शांताराम यांचा. नीरा नावाच्या तरुण मुलीचं लग्न एका वयस्कर विधुराशी लावून दिलं जातं आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. इतका स्फोटक विषय, आणि अख्ख्या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही! केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार हाताशी होता, शांता आपटे गाणारी होती, गाणी आहेतही. पण प्रसंग चालू असताना ऐकू येतात ते त्या घरातले आणि त्या गल्लीतले आवाज. भिंतीवरचं घड्याळ वाजत राहतं आणि त्या नवऱ्याचं वय आपल्याला कुणी न सांगता जाणवतं. नीरा गप्प उभी असते तेव्हा तिच्या गप्पपणावर कुणी व्हायोलिन फिरवत नाही. तिचा राग तिचाच राहतो. बोलपट सुरू होऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. आवाज हाती आल्यावर तो भरमसाट वापरायचा मोह केवढा असेल! मला त्या संयमाचं आजही अप्रूप वाटतं.

हाच चित्रपट ‘दुनिया न माने’ या नावानं हिंदीतही झाला. त्याचा आम्हाला इथे फार उपयोग होतो. घरात मराठी आणि दारात हिंदी असं आमचं जगणं. शेजारच्यांना मी हिंदी ‘कुंकू’ दाखवला आणि नंतर आमची नीराच्या नकारावर रात्री उशिरापर्यंत बोलणी झाली. भाषांतर करायची वेळ आली नाही.

आता त्याच शांतारामांचा 1972 सालचा ‘पिंजरा’. राम कदमांची गाणी मला पाठ आहेत, मास्तरांच्या भूमिकेतले डॉ. श्रीराम लागू तर थोरच. तरी तो चित्रपट मला जड जातो. तमाशातल्या बाईच्या मोहात पडलेल्या मास्तरांची घसरण डोळ्यांनी पाहून कळत असते, तरी संगीत ती पुन्हा पुन्हा बजावून सांगतं. म्हणजे जुन्या चित्रपटांना मी सरसकट डोक्यावर घेतो, हा आरोप इथे टिकत नाही. 

आणि नव्यांचं म्हणाल, तर ‘फँड्री’तला तो प्रसंग मी कुठल्याही काळातल्या प्रसंगाशेजारी ठेवीन. जब्या या शाळकरी मुलाचं कुटुंब डुक्कर पकडायच्या मागे धावतंय, डुक्कर आता हाती लागणार, इतक्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुक्कर निघून जातं. तिथे दिग्दर्शकाला वेगळं संगीत लागलं नाही. त्या गावातून, त्या शाळेतून जो आवाज आला, त्यानंच सगळं केलं. मला थिएटरात हुंदका आवरला नव्हता.

‘फँड्री’च्या दिग्दर्शकांना, नागराज मंजुळ्यांनाच, ‘सैराट’साठी अजय-अतुल यांचं भलंमोठं सिम्फनी संगीत हवं होतं, आणि ते शोभलंही. आर्ची-परश्याच्या डोक्यात त्या वयात तेवढंच मोठं काहीतरी वाजत असणार. पण शेवट आठवा. घरात आर्ची-परश्याचा खून झालेला असतो, त्यांचं लेकरू शेजारणीकडून घरी येतं, आत जातं, रडत बाहेर पडतं, आणि पडद्यावर आवाजच नाही. ज्या दिग्दर्शकानं तासभर आपल्याला नाचवलं त्यानं नेमक्या जागी सगळं बंद केलं. याला मी गोंगाट कसा म्हणेन? मी गोंगाट म्हणतो तो नायक दारातून आत आला की ढोल, तलवार उपसली की ढोल, आईनं डोळे पुसले की बासरी, याला. असे चित्रपट गेल्या काही वर्षांत फार झाले, आणि मला त्यांचा मनापासून राग येतो, कारण त्यांतले नट अनेकदा उत्तम काम करत असतात आणि ते कुणाला ऐकूच येत नाही.

राहता राहिला इंदूरचा मुद्दा. ‘कोर्ट’ या चित्रपटात सरकारी वकील बाई सुटीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. नाटकात घरातल्या मुलीनं परप्रांतीय मुलगा पसंत केलेला असतो, बाप त्याला सुनावतो आणि प्रेक्षक खूश होतात. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांनी तिथे काहीच अधोरेखित केलेलं नाही. आपण फक्त त्या प्रेक्षकांचं हसणं ऐकतो. आमच्या नात्यात हिंदी घरांतल्या सुना आहेत, जावई आहेत, आणि इथल्या हिशेबानं बाहेरून आलेले तर आम्हीच. ते हसणं मला खुर्चीत बसू देईना. पुण्याच्या थिएटरात त्या प्रसंगाला तुमच्या आजूबाजूला काय झालं, लोक हसले की गप्प राहिले? ते मला तुमच्याकडून नक्की वाचायचं आहे.