आधी गवताचा हिशेब

परवा मामांच्या अंगणात रातांबे (कोकमाची फळं) फोडायला बसलो होतो. हात मनगटापर्यंत लाल. तेवढ्यात मामेभावाने घरच्या ग्रुपवरचा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. लढाई न्यायाची असेल तर सैनिक कसा वागला ते विचारायचं नाही, विचारणारे देशद्रोही. खाली अंगठ्यांची रांग. तिथे वाद घातला नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, आधीच सांगतो.

लांब कशाला जायचं, आपलं चिपळूणच घ्या. राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांनी इथल्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं पत्र आहे. कौतुक सगळे करतात, वाचतात थोडे. पावसाळ्यासाठी साठवलेली दाणावैरण आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी मरतील, असं बजावलंय. मग तुम्ही रयतेकडे वळाल. कुणब्याकडून कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे (म्हणजे जळण), कोणी भाजी. लोक घरंदारं सोडून जातील, काही उपाशी मरतील आणि म्हणतील, मुलखात मोगल आले त्याहून तुम्ही अधिक. (गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून रात्री दिवा विझवा, उंदीर पेटती वात ओढून नेईल, हेही त्याच पत्रात. इतकं बारीक!)

स्वराज्याचं कारण खरं आहे याबद्दल महाराजांच्या मनात शंका असेल का? तरी ‘आपलं कारण मोठं आहे, चार पेंढ्या गेल्या तर गेल्या’ असं त्यांनी लिहिलं नाही.

युद्ध का केलं हा एक प्रश्न आणि कसं लढलं हा दुसरा, असं या विषयातले जाणकार म्हणतात. मला ते पटतं. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकून सुमारे २५ हजार माणसं मारली, म्हणून हिटलरला रोखणं चूक ठरत नाही. पण हिटलरला रोखायचं होतं म्हणून ड्रेस्डेन माफ, असंही होत नाही. आणि ज्याची भाकर गेली तो बिचारा हे दोन प्रश्न वेगळे कुठे ठेवणार? त्याला दारात उभा असलेला शिपाईच दिसतो.

आपलीच वही उघडायची तर १७९१ साल बघा. टिपूवरची मोहीम. पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा शंकराचार्यांचा मठ लुटला. पटवर्धनांचं मूळ गाव रत्नागिरीजवळचं कोतवडे, म्हणजे आपलीच माणसं. मठ पुन्हा उभा करायला पैसे आणि धान्य दिलं कोणी? टिपूने! ज्याच्यावर चालून गेलो त्याच्याच पदरात पुण्य टाकून आलो. ‘ते पेंढारी होते हो, आपले नव्हेत’ असं लगेच कमेंटमध्ये येईल. मग त्यांना बरोबर नेलं कोणी?

कधी कधी तर वागणूकच कारण गिळून टाकते. १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराचं कागदावरचं कारण साधं होतं, देश फुटू द्यायचा नाही. पण २५ मार्चच्या रात्री ढाका विद्यापीठाची वसतिगृहं रक्तात बुडाली. त्यानंतर ‘देशाची अखंडता’ हे शब्द त्यांच्या तोंडून कोण ऐकणार होतं?

मेसेज वाचून झाला तरी मामा कोयती चालवतच होते. एकाहत्तरच्या लढाईनंतर ते युद्धकैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला होते. शरण आलेल्या त्र्याण्णव हजार पाकिस्तान्यांतले काही त्यांच्या वाट्याला आलेले.

“तेव्हा एका कैद्याचं घड्याळ मी काढून घेतलेलं,” ते म्हणाले. मामेभावाने मोबाईल खाली ठेवला.

“मग?”

“मग काय. सुभेदारसाहेबांनी सगळ्यांसमोर उभं केलं आणि माझ्याच हाताने त्याच्या मनगटावर बांधायला लावलं. पट्टा तुटका होता रे, बसेना. पाच मिनिटं खटपट करत होतो, तो हात पुढे करून उभा.”

आणि बियांचं पातेलं माझ्याकडे सरकवून त्यांनी मीठ मागितलं.