काढ्यात रुपया बुडवून नॅनोचांदी होत नाही

“चांदीचं नाणं तुळशीच्या काढ्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाणी सोनेरी दिसलं की नॅनोचांदी तयार. रंग आला नाही तर चिमूटभर मीठ घालून ९ व्होल्टची बॅटरी जोडा. रोज दोन चमचे घ्या, अपाय शून्य.” हा मेसेज मावशीपर्यंत पोचला आणि देव्हाऱ्यातला राणीछाप रुपया पातेल्यात गेला, म्हणून हा खटाटोप.

नॅनोचांदी म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण. आधी सोनेरी रंग. नाणं न घालता तुळस उकळा, तोच रंग येईल! तुळशीच्या अर्कात नॅनोकण बनतात हे खरं, पण तिथे नाणं नसतं, सिल्व्हर नायट्रेट हा पाण्यात विरघळणारा चांदीचा क्षार असतो. त्यातले सुटे चांदीचे आयन, म्हणजे धनभारित कण, इलेक्ट्रॉन घेऊन अणू होतात (यालाच क्षपण म्हणतात), अणूंची दाटी झाली की बीजकण धरतात आणि उरलेली चांदी त्यांच्यावर चढत जाते. नाण्यातली चांदी आधीच धातू आहे. तुळस तिचं आणखी काय क्षपण करणार?

चांदीचे नॅनोकण बनवायची ली आणि मायसेल या संशोधकांची १९८२ची कृती बघा: ५०० मिली शुद्ध पाण्यात ९० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, उकळी आली की १ टक्क्याचं सोडियम सायट्रेट १० मिली, मग तासभर उकळायचं. सायट्रेट क्षपण करतं आणि कणांवर ऋणभार ठेवून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. एवढं करूनही सगळे कण एका मापाचे येत नाहीत, काही तर चक्क कांड्यांसारखे निघतात.

आता मीठ. क्लोराइड मिळताच चांदीचे आयन सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका होऊन बसतात, उजेडात तो जांभळट-करडा पडतो. कण झालेच असतील तर मिठाने त्यांच्यातलं प्रतिकर्षण दबतं आणि ते गोळा होतात. शिवाय राणीछाप रुपयात चांदी ९१.७ टक्के, बाकी मुख्यतः तांबं. बॅटरीच्या धन टोकाला जोडलात तर तेही पाण्यात उतरणार.

चांदीचे आयन जंतू मारतात, हे मान्य. भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम लावतात ते त्यासाठीच. पण ते लावायचं असतं, प्यायचं नसतं.

“अपाय शून्य”? कोलॉइडल सिल्व्हर (द्रवात तरंगणारे चांदीचे सूक्ष्म कण) किंवा चांदीचे क्षार असलेली, चिठ्ठीविना मिळणारी औषधं कुठल्याही आजारावर सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाहीत, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १९९९मध्येच नियम करून सांगितलं. दीर्घकाळ पोटात गेलेली चांदी त्वचेत साठते आणि उजेडाने तिचं तिथे क्षपण होतं. म्हणजे नॅनोकण बनतात खरे, पण कातडीत. त्यातून येणारा निळसर-करडा रंग सहसा कायमचा असतो.